दाढीवरून मोजलेले महिने

दिघोरी, नागपूर
मंगळवार

ती. सुमतीबाई,

मनकर्णाचा नमस्कार. पायावर डोकं ठेवते ते तू मोठी बहीण म्हणून. मनातून मी रागात आहे हे आधीच लिहून टाकते, म्हणजे चार ओळींनंतर तुले धक्का नको बसायले. रुपरावभाऊजींची कंबर कशी आहे? इतक्या उन्हात बांधावर जाऊ देऊ नको. ऐकणार नाहीत, तरी सांग. धानाचं बियाणं आणलं का? (हे रीत म्हणून विचारून राहिली, उत्तर नाही दिलं तरी चालते.) आमच्याकडं सारे ठीक आहेत म्हणायचं. घरात तीन फोन असून चिठ्ठी काहून लिहिली म्हणशील. तं फोनवर तू स्पीकर लावतेस आणि तुझ्या ओसरीवर बसलेल्या साऱ्या आळीले माझ्या घरातलं ऐकू जाते. मी चौथी शिकलेली बाई, अक्षर किडामुंगीसारखं, पण हे तुले एकटीलेच वाचावं लागंल. मेसच्या ऐंशी पोळ्या लाटायच्या आहेत, म्हणून सरळ लिहिते.

गोष्ट माझ्या आयुषच्या दाढीची आहे. आपल्या घरात दाढी कोण ठेवत होतं ते आठव. बाबा एक दिवसाआड खिडकीले आरसा टेकवून बसत, आणि वस्तरा गालावर असताना कोणी बोललं तं दिवसभर बोलत नसत. दाढी वाढली म्हणजे माणूस तापानं पडला, नाही तं घरात सुतक, नाही तं बैरागी झाला, नाही तं बायको पोटुशी. बायकोले दिवस गेले की ती बाळंत होईपर्यंत नवऱ्यानं दाढीले वस्तरा लावायचा नाही, हे आपल्या गावात शेंबड्या पोट्ट्यालेही माहीत. पाचवं कारण नव्हतं. आता नागपुरात येऊन पाह. आयुष ज्या मोटारसायकलच्या शोरूममधात लागला आहे तिथं अकरा पोट्टे आहेत, अकराच्या अकरा दाढीवाले. साऱ्यायच्या बायका काय एकाच वेळी पोटुशा आहेत? अर्ध्यायची तं लग्नं नाही झाली. फॅशन आहे, दुसरं काही नाही. गिऱ्हाईक दाढीवाल्याचं जास्त ऐकते म्हणतात. मले नाही पटत, मी तं दाढीवाल्याकडून भाजीही घेत नाही, सगळा भाव दाढीतच बोलते.

त्या दाढीचे लाडही पाहण्यासारखे. तिले वेगळी फणी आहे, वेगळा साबण आहे, तेल आहे. तेलाच्या बाटलीवर दाढीवाल्या माणसाचं चित्र होतं, मले वाटलं कोणी वैद्य असंल, म्हणून मी चार दिवस गुडघ्याले चोळलं. (गुडघ्यावर केस नाही आले. दुखणं मात्र थोडं कमी झालं, भाऊजींच्या कमरेले पाहिजे असंल तं सांग.) आयुष सकाळी न्हाणीत अर्धा तास राहते आणि बाहेर सूनबाई दामिनी हातात डबा, डोक्यावर हेल्मेट घालून उभी. तिले रक्त तपासणीच्या लॅबमधात सातले पोचावं लागते. तरी ती त्याले बोलत नव्हती. आयुषचे बाबाच बोलायचे, जेवायले बसलो की कोणी पाव्हणा आल्यासारखं वाटते म्हणून. पण घरातल्या घरात होतं. दाढी आमची, कटकट आमची.

मग फाल्गुनात तुझ्या पुतणीच्या लग्नाले आम्ही कुहीले आलो, आणि तुझी नजर त्या दाढीवर पडली. तू म्हणशील मी तुले विचारलं होतं. भर पंगतीत, बँड वाजत असताना, तोंडात घास असताना, त्याले विचारणं म्हणत नाहीत. तू दसऱ्यापासून महिने धरले. दसऱ्याले त्याचे गाल खरबरीत होते, लग्नात मूठभर दाढी झाली, म्हणजे सहावा. अनुभवी बाई पोट पाहून महिना सांगते, नाडी पाहून सांगते. नवऱ्याची हनुवटी पाहून सांगणारी साऱ्या तालुक्यात तूच एक निघालीस.

चैत्रातला तो रविवार तुले सांगायची गरज नाही, तू होतीसच. पण तुझं लक्ष दुसरीकडं होतं, म्हणून मी पाहिलं ते सांगते. भर बारा वाजता गाडीतून नऊ बाया उतरल्या. हिरवी साडी, हिरव्या बांगड्या, पाच फळं, अनारशाचा डबा. झोपाळा नाही म्हणून तुम्ही आमच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीले फुलं बांधली. (तिचा एक पाय तिरपा आहे, मी कोणाले बसू देत नाही.) दामिनी लॅबमधून आली, हेल्मेट काढलं, साऱ्यायच्या पाया पडली. तिले वाटलं सहज आल्या. तुम्ही तिले खुर्चीत बसवलं, ओटीत नारळ घातला, तेव्हा कुठं तिच्या ध्यानात आलं. तिनं स्वच्छ सांगितलं, मावशी, मले काहीच नाही. तुम्ही हसल्या. तुझी जाऊ म्हणाली की पहिलटकरीण अशीच लाजते. एकीनं पोटाकडं पाहून सांगितलं की आतल्या अंगाचं आहे, दिसत नाही. बाई, तीन वर्षं झाली त्या पोरीच्या लग्नाले. तिच्या ओटीत नारळ होता आणि तिले उठता येत नव्हतं, आणि तुम्ही गाणं म्हणून राहिल्या होत्या. तुम्ही गेल्यावर तिनं साडीची घडी घातली, तुझं नाव लिहून कपाटात ठेवली, पिशवी भरली. आयुषले म्हणाली, तुमची दाढी अन् तुमची मावशी, दोघं राहा एका घरात. आणि गाडी काढून सावनेरले माहेरी गेली.

इथं तरी थांबायले पाहिजे होतं. पण आयुष माझ्यासारखाच घायकुत्या. दुसऱ्या दिवशी सलूनमधात जाऊन साफ दाढी करून आला. (खाली हनुवटी निघाली ती अगदी आपल्या बाबाची. मी मिनिटभर पाहतच राहिली, मग शिव्या दिल्या.) गुळगुळीत तोंडानं तो कळमन्याच्या बाजारात मेससाठी तांदूळ आणायले गेला, आणि तिथं तुझा दीर अनंता भेटला. अनंतानं तोंड पाहिलं. सातव्या महिन्यात दाढी काढली म्हणजे काय झालं असंल, हे त्यानं मनातल्या मनात लावलं, पोराच्या खांद्यावर हात ठेवला आणि डोळे पुसत निघून गेला. आयुषले वाटलं मिरच्यांचा ठसका लागला. संध्याकाळपर्यंत मले पाच फोन. जे नव्हतंच ते गेलं म्हणून पाच जणी रडल्या. मी एकीवर ओरडली तं ती म्हणाली, बोलू द्या तिले, धक्का बसला आहे. तुझी जाऊ तं इतकी हुशार की तिनं सावनेरचा नंबर काढून दामिनीच्या आईलेच फोन लावला, आणि पोरीले थंड पाण्यात हात घालू देऊ नका म्हणून सांगितलं. विहीणबाई तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. दामिनीचा निरोप आला आहे, तिच्याच शब्दांत लिहिते. ज्या तोंडानं हे सुरू केलं त्या तोंडानं सावनेरले येऊन, माझ्या आईबाबासमोर, खरं काय ते सांगावं. मग मी घरी येते. नाही तं लॅबमधून सावनेरच्या जवळची बदली मागते.

तिनं अर्ज लिहून ठेवला आहे. सोमवारी देणार. म्हणून तू रविवारी ये, बसस्टँडवर मी भेटते, तिथून दोघी सावनेरले जाऊ. बाया आणू नको. अनंताले तं मुळीच आणू नको. आणि कुहीत साऱ्यायले सांग की शहरात दाढी हनुवटीवर उगवते, तिचा बायकोशी संबंध नसते.

भाऊजींना नमस्कार, पोरासोरांले आशीर्वाद. पोळ्यांची कणीक वाळून राहिली.

तुझी लहान बहीण
मनकर्णा

ता. क. तुझी हिरवी साडी, बांगड्या अन् अनारशाचा डबा इथंच आहे. अनारसे आयुषच्या बाबांनी खाल्ले.

ता. क. दुसरं. हे वाचून झालं की फाडून टाक. पंगतीत बँड वाजत होता, पण मले चांगलं ऐकू आलं होतं. तू दाढीकडं बोट दाखवून विचारलंस की दामिनीले दिवस आहेत का. मी नाही म्हटलं असतं तं तिथंच संपलं असतं. मी पदर सावरला, हसली, आणि म्हटलं, इतक्यात कोणाले सांगू नको. तुले काही सांगून कोणाले सांगू नको म्हणायचं म्हणजे काय होते, हे मले पन्नास वर्षं माहीत आहे. पण कुहीत पाय ठेवला की जो तो तेच विचारते, सून काय म्हणते, काही आहे की नाही. त्या दिवशी कोणी विचारलं नाही. जिलेबी दोनदा वाढली. मले वाटलं एक दिवस चालून जाईल. तं सावनेरले माझं नाव काढू नको, सारं तुझ्या अंगावर घे. तू मोठी आहेस, तुले बोलणी खायची सवय आहे.

ता. क. तिसरं, बुधवार सकाळ. पाकीट चिकटवलं होतं, परत फोडलं. आत्ता दामिनीचा फोन आला होता. कणीक कोण मळून देते विचारलं. बीपीची गोळी घेता का विचारलं. मी घेते म्हटलं. (घेतली नव्हती.) मग म्हणाली, आई, सुमतीमावशी तशाच आहेत, तुमच्यावर माझा राग नाही. बाई, त्याच्यानंतरच्या माझ्या साऱ्या पोळ्या करपल्या. वरचं राहू दे. अंगावर घेऊ नको. तू इतकं बेमालूम खोटं बोलतेस की तिले पटंल, आणि मग मले जन्मभर हे पोटात ठेवून तिच्या हातचा चहा प्यावा लागंल. रविवारी ये, सांगायचं ते मीच सांगते. तू फक्त माझ्या बाजूले बस. मी मधातच गोष्ट फिरवायले लागली, तुझं नाही तं अनंताचं नाही तं दाढीचं नाव घेतलं, तं चिमटा घे. लुगड्यावरून घेऊ नको, लागत नाही. दंडाले घे.