धुतलेली खडी

प्रिय धाकटे,

परसातलं तळं ठीक आहे. पंप नवा बसवला, धबधबा छान पडतो. त्याच्या मागच्या, पाणी गाळणाऱ्या टाकीतली खडी मी आता अप्पांच्या पद्धतीने धुते, एका वेळी अर्धीच, आणि तीही तळ्याच्याच पाण्यात नुसती खळबळून. खडीवरचा बुळबुळीत थर खरवडायचा नाही, तोच पाणी राखतो, मासे त्याच्यावर जगतात. तुला हे पाठच आहे, अप्पांनी शिकवलं ते तुलाच. त्यांचं पथ्य, औषधं, अंघोळ मी बघायची. तू वर्षातून दोनदा यायचीस, बाह्या सरसावून खडी धुवायचीस, आणि पुढे महिनाभर त्यांचं एकच, धाकटीचा हात लागला की पाणी कसं आरशासारखं होतं. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, ते काही खोटं नाही.

तीन वर्षांपूर्वी तू अशीच खडी धुऊन गेलीस. दुसऱ्या दिवशी अप्पा दुपारचे झोपले असताना मी ती सगळी उपसली, सोडा घालून नळाखाली घासली, पांढरीशुभ्र केली. म्हटलं, एकदा माझ्याही हाताचं कौतुक होऊ दे. आठवड्याच्या आत अकराच्या अकरा मासे उलटे तरंगले. अप्पा काठावर बसून लहान मुलासारखे रडले. खडी अशी कुणी घासली, असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी तुझं नाव सांगितलं.

तेव्हापासून त्यांनी तुझा फोन घेतला नाही. आपल्याच हातून काही चुकलं असेल असं धरून तू माफीची पत्रं धाडत राहिलीस. वाचून दाखव असं ते कधी म्हणाले नाहीत, मीही विषय काढला नाही. खरं सांगू? ही तीन वर्षं माझी फार सुखाची गेली. सकाळी उठल्या उठल्या ते मलाच हाक मारायचे.

गेल्या महिन्यात मात्र त्यांनी मला कागद घेऊन बसवलं. म्हणाले, "तिला लिही, मासे गेले तर गेले, पोर माझी आहे. लवकर ये म्हणावं." मी हो म्हटलं. दोन रविवार ते फाटकाकडे तोंड करून बसले होते. तिसऱ्या रविवारी गेले. सगळं उरकलं, तू घाई करू नकोस. निरोप कळवीन असा मी त्यांना शब्द दिला होता, तो आज पाळते आहे. त्यांनी तुला बोलावलंय.

तुझीच,
ताई