भिंतीपलीकडचं काम

३ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आईची तब्येत आहे तशीच आहे. डावी बाजू अजून हलत नाही, जीभ मात्र ठणठणीत. माझ्या हातचं जेवताना काल विचारत होती, यात सिमेंट किती घातलंस म्हणून.

पत्राचं कारण वेगळंच आहे. सरकारी मदत चालू ठेवायची तर आठवड्याला वीस तास काम दाखवा, अशी नोटीस आलीय. कारखाना बंद पडल्यापासून मी काम शोधतोय, पण आईला टाकून जाऊ कुठे? कचेरीत खिडकीवरच्या बाईंना सांगितलं की दिवसभर आईचंच करतो. त्या म्हणाल्या, घरच्यांचं केलेलं कामात धरत नाहीत. माझं डोकंच फिरलं. महिनाअखेर मदत थांबली तर आईची औषधंही थांबली. तू त्याच खात्यात आहेस, काहीतरी मार्ग काढ ना गं.

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून बसलेला,
धाकटा

९ मार्च

चि. ठोंब्यास,
अ. उ. आ.

खिडकीवर आवाज चढवला असशील तर आधी जाऊन माफी माग. त्या बिचाऱ्या नियम करत नाहीत, नुसत्या शिव्या खातात.

घरच्यांचं केलेलं धरत नाहीत, पण परक्या आजारी माणसाचं केलं तर धरतात. आता हस नाहीतर कपाळ बडवून घे! शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या काकूंनाही नोटीस आली असणार, आणि त्यांचे सासरे अंथरुणाला खिळलेले. तू त्या आजोबांचं कर, काकू आईचं करतील. नियमात बसतं, मी खात्री केलीय. मात्र खरोखर करायचं, लबाडी नको. तपासनीस न सांगता येतो. त्या तासांत जो जागेवर सापडणार नाही, त्याची मदत तिथेच बंद. मला धास्ती वाटते रे, तू मनाने फार मऊ.

आईला नमस्कार सांग, आणि स्वतः वेळेवर जेवत जा.

तुझी काळजी वाहणारी,
ताई

२८ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

मदत चालू राहिली. औषधं आणली. पण लिहायला हात उचलत नाहीये.

शेजारी जातो हे आईला सांगितलंच नव्हतं. आपली आई सोडून दुसऱ्याचं करतोस म्हणून तिने घर डोक्यावर घेतलं असतं. कामाला लागलो, एवढंच म्हणालो. केवढी खूश झाली!

मंगळवारी तपासनीस आला. मी आजोबांना भरवत होतो. तो खुर्ची ओढून समोरच बसला, चेहऱ्यावरची रेषा हलू न देता. काकू नेमक्या खाली दुकानात गेलेल्या. तेवढ्यात भिंतीपलीकडे धपकन काहीतरी पडलं आणि आईने मला हाक मारली. मग परत मारली. ताई, मी उठलो नाही गं. उठलो असतो तर काकू जागेवर नाहीत हे उघड झालं असतं, मीही जागा सोडली असती, दोन्ही घरांची मदत गेली असती. त्याने विचारलं, कोण ओरडतंय? मी म्हणालो, शेजारच्या आजी आहेत.

तो गेल्याबरोबर धावलो. आई पलंगाखाली पडली होती, ओठ फुटलेला. हाड मोडलं नाही, असं डॉक्टर म्हणाले. तिला उचलताना मला रडू आवरेना. तर उजव्या हाताने माझेच डोळे पुसत ती समजूत घालायला लागली, की वेड्या, रडतोस काय, तू कामावर होतास, माझ्या हाका तुला कशा ऐकू येणार.

जमलं तर ये. रागाव हवं तेवढं, पण माया कमी करू नकोस.

तुझा,
धाकटा