ताश-काल्दी, श्रेणी एक

३ जून
पोचले एकदाची! बिश्केकहून सात तास मिनीबसमध्ये, पायावर कुणाचं तरी बटाट्याचं पोतं आणि खांद्यावर शेजारच्या म्हातारीचं घोरणं, तरी मन उड्या मारतंय. घरमालकीण कानिश-एजेंनी दारातच तळलेले कणकेचे बोरसोक आणि जर्दाळूचा मुरंबा पुढे केला. म्हणाल्या, "शहरातली तू, खाणं कमी नि फोन जास्त. आमच्याकडे उलटं असतं, सांगून ठेवते." खोली लहान आहे, पण खिडकीत सफरचंदाची झाडं आहेत.

दहा वर्षं शाळेत भूगोल शिकवला. आता कुबात-बायकेंच्या, म्हणजे मालक कुबातदादांच्या, सहल कंपनीत काम. बावीस डोंगरवाटांची श्रेणी नव्याने ठरवायची, म्हणजे कुठली वाट किती अवघड ते आकड्यात सांगायचं.

सेझिमला आईकडे ठेवून आले. तिचा बाप रशियात कामाला गेला तो गेलाच. नऊ वर्षांची पोर निघताना रडली नाही, हातात नदीतला एक गोटा दिला. त्यावर लाल नेलपॉलिशने स्वतःचा चेहरा काढलाय, दोन वेण्या आणि पडलेला दात. "अपा, तुझे कागद उडू नयेत म्हणून." ऑगस्टमध्ये तिला इथे आणायचं, इथल्याच शाळेत घालायचं. तोवर मला रुजायला हवं.

५ जून
श्रेणी एक म्हणजे आजीबाईने चप्पल घालून जावं. दोन म्हणजे थोडा दम लागेल. तीन, दिवसभर चढ आणि एक खिंड. चार, घसरते दगड, बर्फ, पायी नदी ओलांडणं. पाच म्हणजे "दोर आणि मृत्युपत्र", इति कुबात-बायके. स्वतःच्या विनोदाला तेच आधी हसतात.

आकडा ठरतो कसा? परतलेला प्रवासी चिठ्ठीवर आकडा लिहितो, आम्ही सरासरी काढतो. मी म्हटलं, बायके, असा माणूस स्वतःची छाती मोजतो, वाट नाही. ते म्हणाले, "मास्तरीणबाई, चालतो तो. आकडाही त्यानंच द्यायचा. तुम्ही बेरीज बघा."

९ जून
ताश-काल्दीची खिंड. नकाशात एका दिवसात तेराशे मीटर चढ, घसरत्या दगडांचा उतार, नदी दोनदा, माथा अडतीसशेवर. डोळे मिटून चार. सहा वर्षांपूर्वी पत्रकातही चारच होती. मग तीन झाली, मग दोन. यंदा छापलंय: श्रेणी एक, मुलाबाळांसह.

चिठ्ठ्या काढून बसले. शंभरेक असतील. जर्मन, कोरियन, रशियन, आपले. सगळ्यांनी एक दिलाय आणि शेऱ्यात प्रत्येकाने आपापल्या भाषेत तेच लिहिलंय: काहीच नव्हतं. एकाचं मनगट मोडलं होतं म्हणून त्याने डाव्या हाताने लिहिलंय. काहीच नव्हतं. आधी मला हसू आलं, मग येईना.

१४ जून
ताश-काल्दीहून सातजण परतले. मुद्दाम कचेरीच्या अंगणात उभी राहिले. एरवी माणसं डोंगरावरून आली की साळुंक्यांसारखी कलकलतात, न्हाणीघरासाठी भांडतात. हे एकेक करून उतरले आणि बाकावर बसले. एका बाईच्या बुटातून रक्त झिरपत होतं. ती चहा पीत होती. नवरा शेजारीच होता, त्याने पाहिलं आणि साखर घेतली.

बायकेंना सांगितलं. ते म्हणाले, "एकाची तक्रार नाही, हीच आता तुमची तक्रार का?"

२० जून
खिंडीच्या पायथ्याशी शेरगाझी-आकेंचा तंबू आहे. म्हातारबुवा तिथे मेंढ्या राखतात. घोडीच्या आंबवलेल्या दुधाचा, कुमीसचा वाडगा हातात देऊन म्हणाले, "कुबातच्या कचेरीतली ना तू? पी आधी, मग तुला शिव्या घालतो."

मग सांगितलं. इतर खिंडींवर आपण माथ्याच्या ढिगावर दगड ठेवतो, माझा भार इथे राहो म्हणतो. ताश-काल्दीवर तसं करायचं नसतं. तिथला एक दगड उचलून खाली आणायचा आणि बर्फ पडेपर्यंत दाराशी ठेवायचा. आकेंच्या दाराशी ढीग आहे. त्यांचा भाऊ ओस्मोन तरुणपणी गमतीने तिथे दगड ठेवून आला. पुढे घराला आग लागली, शेजाऱ्यांनी त्याची पोरं बाहेर ओढली, आणि ओस्मोन तिथेच उभा राहून हात शेकत होता. "हलका झाला होता ना," आके म्हणाले. "शेवटपर्यंत हलकाच राहिला."

आमच्या पत्रकात काय छापलंय? 'घरून एक दगड आणा. आपलं ओझं माथ्यावर ठेवून जा.' बायकेंची कल्पना. शहरातल्यांना आवडते म्हणे.

२२ जून
बायके आधी हसले. मी हलले नाही तेव्हा म्हणाले, म्हाताऱ्याचं मेंढ्यांशिवाय कुणी ऐकत नाही म्हणून तुम्हाला धरलं. दहा ऑगस्टला मुलांची तुकडी जायचीय, हे मी पुन्हा पुन्हा सांगितलं. शेवटी टेकीला आले. "तुम्ही स्वतः जाऊन या. जो आकडा आणाल तो छापतो. चार आणलात तर पोरांची तुकडी रद्द. शब्द आहे माझा."

२७ जून
उद्या निघायचं. दगड ठेवायचा नाही, एक उचलून आणायचा. सेझिम फोनवर हटून बसली, तिच्या गोट्यालाही डोंगर दाखव म्हणून. वेडी पोर. पिशवीत टाकलाय.

२९ जून, माथ्यावर
चार! छातीठोकपणे चार. नदीचं पाणी मांडीपर्यंत होतं. दगडांच्या उतारावर मी चक्क रडले. ढीग पुरुषभर उंच आहे, कितीतरी दगडांवर नावं लिहिलेली. सेझिमला फोटो पाठवायचा म्हणून तिचा गोटा ढिगावर ठेवला, तोंड पलीकडे खाली दिसणाऱ्या तलावाकडे करून. किती जड गेले हे दिवस तिच्यावाचून. हे सगळं घटकाभर उतरलं तर, असं मनात आलं. ढग भरलेत. निघते.

३० जून
गोटा वरच राहिला. घाईत. वाईट वाटेल असं वाटलं होतं.

चिठ्ठी दिली. एक लिहिलं. बायके हसले नाहीत. म्हणाले, "अहो, चार म्हणत होतात ना?" मी म्हटलं, काहीच नव्हतं. पायाची करंगळी काळी पडली आहे.

८ जुलै
काम चांगलं चाललंय. कानिश-एजे ओरडल्या, "अगं, उकळता आहे तो चहा!" आरशात पाहिलं तर जिभेला फोड होते. सेझिमचा फोन आला. ती बोलत होती. मी पत्रक तपासलं.

१९ जुलै
करंगळीचं नख निघालं. एक.
कानिश-एजेंच्या भावाची मयत. एक.
आईचा फोन. सेझिमला चाळीस ताप, आई रडत होती. एक.

मला काय झालंय ते ठाऊक आहे. आकेंनी सांगितलं होतंच. नदीची लांबी ठाऊक असावी तसं ठाऊक आहे.

३ ऑगस्ट
सेझिम आली. धावत येऊन बिलगली. सोडेपर्यंत मी अंक मोजले. सदतीस. मग मागे सरून माझ्याकडे पाहत राहिली. तिने विचारलं, अपा, माझा गोटा कुठेय? मी सांगितलं.

६ ऑगस्ट
ती रडते. एजेंच्या कुशीत झोपते. एजे म्हणाल्या, "दगड झालीस का गं बाई?" पोरीला अवघड जातंय. पाच. उपाय सोपा आहे. दहा तारखेच्या तुकडीत आमची दोन नावं लिहिली.

१० ऑगस्ट
पायथ्याशी आके आडवे आले. माझ्याशी बोलले नाहीत, पोरीला ओरडून सांगितलं, "उचलून आण गं, पोरी! ठेवू नकोस!" मी तिचा हात धरून पुढे गेले. नदीत तिचे ओठ निळे पडले. उतारावर गुडघा फुटला. ती ओरडत होती—

माथा. बाकीची मुलं ढिगाशी रांगेत आहेत. मी वही काढली, वेळ लिहायला.

तिने तिचा गोटा शोधला. धावत आणून माझ्या मांडीवर ठेवला. म्हणते, आकेंनी सांगितलं ना, उचलायचा. जड आहे हा. फार—

पाय दुखतोय. जीभ. चाळीस ताप होता तिला आणि मी— मी पत्रक—

सेझिम. माझी सेझिम. मी हिला इथे कशाला— नदीतून—

कुठे गेली. ढिगाशी. हातात दुसरा गोटा. तिने मला दाखवला, त्यावर चेहरा काढलाय, माझा. म्हणते एक घेतला तर बदल्यात एक द्यायला हवा ना, अपा. नको म्हटलं. वारा आहे. ऐकू जात नाही. उठवत नाही, मांडीवर हे एवढं—

ठेवला. तोंड तलावाकडे. तिचे ओठ हलताहेत—

वळली. धावत नाही. गुडघ्यातून रक्त येतंय, ती बघतही नाही. विचारलं, फार लागलं का गं, फार अवघड गेलं का माझ्या राणीला. ती म्हणते काहीच न—