आत्याबाईंच्या डोक्यातलं विरजण

३ फेब्रुवारी
डेअरीच्या फळ्यावर खडूनं लिहिलंय — 'सारजा. आंबट दूध. बंद.' सगळ्या वडगावासमोर माझ्या सासूचं, आत्याबाईंचं नाव! चाळीस वर्षं पहाटे तिथं दूध घालणारी बाई! आत्याबाईंनी कालचं उरलेलं दूध सकाळच्या बादलीत ओतलं. डेअरीच्या कॅनमध्ये बाकीच्यांचंही नासलं. चूक झाली, मान्य. पण सेक्रेटरी रणजित म्हणतो, "म्हातारी मुद्दाम करती, वैनी." तिथंच झापलं त्याला. फळा पदरानं पुसला. लोक बघत होते — बघू देत!

४ फेब्रुवारी
घरी यांचंही तेच! "सोंग हाय सगळं. लहानपणच्या गोष्टी बऱ्या आठवत्यात." स्वतःच्या आईबद्दल! मी इतकी ओरडले की शेजारच्या काकू दारात आल्या. आत्याबाई कोपऱ्यात पदर चावत बसल्या होत्या.

६ फेब्रुवारी
बारामतीला दाखवलं. अल्झायमर.

डॉक्टरबाईंनी कागदावर काढून सांगितलं. मेंदूतल्या प्रथिनांची ठरावीक घडी असते. एकाची चुकली की ते दुसऱ्याला चिकटतं, त्याचीही बिघडवतं. मग गुठळ्या. पेशींच्या बाहेर अमायलॉइड नावाच्या प्रथिनाच्या, आत टाऊच्या — आणि दोन्ही एकमेकांना चेव आणतात.

"म्हणजे विरजणासारखं?" मी विचारलं.

हसल्या. "जवळपास. पण विरजणात जिवंत जंतू असतात. इथं जिवंत काहीच नाही. नुसता चुकलेला आकार."

नुसता आकार! आणि त्यापायी अख्खं माणूस जायचं! औषधानं गेलेलं परत येत नाही म्हणे. संताप संताप झाला. कुणावर काढू?

यांच्यावरच काढला. गाडीत हे म्हणाले, "मला वाटलं..." मी सोडलं नाही. माळेगाव मागं पडलं तरी सुनावत होते. आत्याबाई मागच्या सीटवर होत्या.

८ फेब्रुवारी
फळ्यावर पुन्हा तेच नाव! रिपोर्ट घेऊन गेले, रणजितच्या तोंडावर वाचला. सोंग नाही, आजार आहे! तो खाली बघून म्हणाला, "व्हय वैनी. पण दूध तर नासलंच की."

घरी येऊन भांडी आपटली.

९ फेब्रुवारी
आत्याबाईंची वेणी घालत होते. त्यांनी माझा हात धरला. हळूच म्हणाल्या, "तुमचा हात लय हलका हाय, बाई. हितं एक बाई ऱ्हाती. सारखी वरडती. मला तिचं भ्या वाटतं. मी हितं बसलीया, तिला सांगू नगा."