एकसष्ट सह्या

बेलार्डव्हिल, ओहायो
२५ जुलै २०१९

ती. आर्डिथताईस,
सा. न. वि. वि.

माझा उमेदवारी अर्ज फेटाळला गेला. उत्तर वॉर्डातून नगर परिषदेला उभं राहायला पन्नास मतदारांच्या सह्या लागतात. मी एकसष्ट आणल्या आणि मुदतीच्या तीन आठवडे आधी दिल्या. निवडणूक कार्यालयातल्या केसिंजरबाईंनी तेवीस बाद केल्या. का, तर पत्ता आणि तारीख सही करणाऱ्यानंच लिहायला हवी. लोक घरक्रमांक गाळतात, वर्ष विसरतात. ते मी त्यांच्या देखत, दारातच, माझ्या सुवाच्य अक्षरात भरलं. पंपदुरुस्ती मी पुस्तकांवरून शिकलो. अर्धवट कागद मला बघवत नाही. बाई म्हणाल्या की अहो, अक्षर इतकं देखणं नसतं तर माझ्या लक्षातही आलं नसतं! आणि एकदा फेटाळलेल्याला त्याच जागेसाठी पुन्हा अर्ज करता येत नाही.

म्हणजे डेल ओबर्ली बिनविरोध. रुळांच्या उत्तरेचं आपलं अग्निशमन केंद्र बंद करण्याचा ठराव त्याचाच. रुग्णवाहिका तिथूनच निघते; ते बंद झालं की ती रुळांपलीकडून येणार. मालगाडी फाटकात थांबली की सत्तावीस मिनिटं हलत नाही, मी घड्याळ लावून पाहिलंय. आईचा श्वास अडकला तर? ओबर्ली चर्चबाहेर खांद्यावर हात ठेवून म्हणाला की गाड्यांचं काय घेऊन बसलास, कधीतरी जातातच ना! तो वॉर्डातलाच, पण रुळांच्या दक्षिणेला राहतो.

तक्रारी पुष्कळ झाल्या, तरी लोभ आटू देऊ नये.
तुझा व्हर्लिन

डुलुथ
२९ जुलै २०१९

चि. व्हर्लिन यास अनेक आशीर्वाद.

शाळेत माझ्या वह्या दुरुस्त करायचास, आता अख्ख्या वॉर्डाच्या! तू उभा राहू शकत नाहीस, दुसरं कुणी राहू शकतं ना? शेजारच्या ट्वायला राउशला विचार. स्कूल बस चालवते, घरोघरी ओळख. ती वेंधळी आहे हे तू लिहिशीलच, म्हणून आधीच सांगते: आईला उमेदवार नको आहे, रुग्णवाहिका हवी आहे. सह्या तू गोळा कर, पण हात आवर.

रागावलास तरी माया तेवढीच ठेव.
तुझी ताई

बेलार्डव्हिल
९ ऑगस्ट २०१९

ती. ताईस सा. न.

ट्वायला तयार झाली. म्हणाली की व्हर्लिनभाऊ, भाषण मात्र माझं मी करीन, तुझी आकडेवारी ऐकून माझी बससुद्धा झोपेल. ऐकून घेतलं.

चार दिवस दारोदार फिरलो. लोकांनी वाकडीतिकडी अक्षरं काढली, मी दोन्ही हात खिशात घालून उभा. घरक्रमांक राहिलाय, एवढंच तोंडानं सांगायचो. शेवटी आई. सही कशीबशी केली, मग पेन माझ्यापुढे धरलं. तारीख तू घाल म्हणाली. मी नाही म्हटलं. चौऱ्याऐंशी वर्षांच्या आईसाठी चार आकडे लिहायला जड जातात का रे, म्हणून तिनं सुनावलं. मी खिडकीकडे तोंड करून थांबलो. तिला सहा मिनिटं लागली, मध्ये दोनदा दम खायला थांबली.

काल केसिंजरबाईंनी मोजणी केली. बरोबर पन्नास सह्या ग्राह्य धरल्या. मतपत्रिकेवर ओबर्लीसमोर ट्वायलाचं नाव येणार.

आई माझ्याशी बोलत नाही. लेकानं मदत नाकारली, असं शेजारीपाजारी सांगते आहे. मी समजावलं तर कायदा शिकवू नकोस म्हणते. तिला तू एक पत्र लिही, आणि तिच्यावाचून पन्नास झाल्या नसत्या, हे त्यात जरूर घाल.

तुझाच,
व्हर्लिन