मुलगी उंचीला कशी आहे?

ति. वारिजक्काच्या पायांशी जलजाचा नमस्कार. (कागदावरच वाकते. माझ्या गुडघ्यांनी कधीचा संप पुकारलाय.) भावोजींचा खोकला कसा आहे? आटी अमावस्येला सातविणीच्या सालीचा काढा त्यांनी घेतला, की यंदाही तुझी पाठ वळल्यावर केळीच्या बुंध्याला पाजला? आमच्याकडे ह्यांनी घोटभर घेतला आणि दिवसभर जगाचं विष पचवल्यासारखे पडवीत फिरत होते. नात धृती, चार वर्षांची, नाक दाबून प्यायली आणि वर मेथीची पेज दोनदा मागून घेतली. दीड वर्षाच्या नातवाने मात्र काढा गालात धरून ठेवला, आणि सगळ्यांनी ‘शहाणा रे माझा’ म्हणून टाळ्या पिटल्यावर आजोबांच्या धुतलेल्या बनियनवर सोडला. (सुनेने त्याचं नाव मोक्षित ठेवलंय. नाव मोक्षित, आणि घरात एका जिवाला सुटका नाही.)

तुझा निरोप मिळून बरेच दिवस झाले. फोनच करणार होते. पण तू फोनवर बोलतेस ते पलीकडच्या डोंगराला ऐकू जातं, आणि सून अक्षता स्वयंपाकघरातून सगळं ऐकते. तिच्यासमोर बोलण्यासारखं नाही, म्हणून हा कागदाचा उद्योग. तर आपल्या नयनाच्या स्थळाबद्दल. किन्निगोळीच्या दूमप्पण्णांचा मधला मुलगा. कूळ वेगळं, पत्रिका जुळते, घरी माडांची बाग, मुलाला व्यसन नाही, थोरांसमोर वर मान करून बोलणं नाही, असं तू कळवलंस. (अगं, आठव्या वर्षी ओढ्याच्या पुरात गेलेल्या पोराला व्यसन लागणार कधी? पण स्थळ सांगायला बसलं की तुझ्या जिभेवर साखर येते, ती आपल्या आईची सवय.) माझी नयनाही साडेचार वर्षांची असताना तापाने गेली, त्याला आता तीस वर्षं झाली. गेलेली मुलं तिकडेही वाढतात, वयात येतात, आणि त्यांची लग्नं आपण वेळेवर लावली नाहीत तर घरातल्या जित्या पोरांच्या पायांत येतात, हे आपल्या लोकांत कोणी कोणाला शिकवायला नको. ह्या आटी महिन्यातच लग्न लावायचं, दोन खुर्च्या मांडायच्या, एकीवर साडी, एकीवर धोतर, सगळं मला मान्य आहे. फक्त दूमप्पण्णांच्या बायकोने विचारलंय की मुलगी उंचीला कशी आहे, ब्लाउज कुठल्या मापाचा आणायचा. साधा प्रश्न आहे. त्याचंच उत्तर लिहायला बसलेय, पण ते एका ओळीत बसेना.

त्याचं असं आहे. माझा हरीश तिकडे कुवेतला, अक्षता सकाळी स्कूटरवरून सोसायटीच्या ऑफिसात, आणि पावसामुळे अंगणवाडी बंद. म्हणजे दोन्ही रत्नं माझ्या पदरात. एक दिसेल ते तोंडात घालतो आणि मी तोंडात घातलेलं बाहेर काढतो. दुसरी ‘का’ विचारते. पाऊस का पडतो, आजोबांच्या नाकात केस का, आणि मेलं म्हणजे किती वेळ. एकाला धुवावं तर दुसरी चिखलात, दुसरीला पुसावं तर पहिला राखेत. जेवण झालं की माझ्या अंगावर भात असतो आणि त्यांची पोटं रिकामी. हे तुला नवीन नाही, तूही सोसलंयस. पण आमच्याकडे गेल्या महिन्यापासून तिसरीचंही बघावं लागतंय.

आधी माझ्या लक्षात आलं नाही. पडवीत भातुकली मांडली की धृती तीन करवंट्यांत चिखलाचा भात वाढायची. मला वाटलं, तिसरी करवंटी माझी. म्हणून आजीने कौतुकाने हात पुढे केला, तर माझ्या हातावर चापट बसली. ‘तुझी नाही, तिची!’ बरं बाई. मग लपाछपी. मोक्षित डोळे झाकून भर पडवीत उभा राहतो आणि त्याला वाटतं तो लपला. त्याला शोधून झाल्यावरही धृती सगळं घर पालथं घालत राहते, आणि शेवटी माच्याखाली वाकून ‘सापडली!’ म्हणून ओरडते. एकदा मी दमून बाकावर टेकले, तर ही धावत आली. ‘अज्जी ऊठ! तू तिच्यावर बसलीस!’ मी उठले, अक्का. एवढा सत्तर किलोचा देह घेऊन ताडकन उठले आणि बाकाची माफीसुद्धा मागितली. मोक्षितने चघळलेलं बिस्कीट तोंडातून काढलं आणि त्या रिकाम्या बाकापुढे धरलं. वर ‘अक्का, घे’ म्हणाला. (धृतीला तो अक्का म्हणत नाही. तिला तो ‘दिती’ म्हणतो.) बिस्कीट त्याच्या हातातून गेलं. खाली पडलं नाही, मी चष्मा लावून बघितलं. अक्षता म्हणाली, मांजराने नेलं असेल. आपलं मांजर गेल्या वैशाखातच वारलं, हे तिला मागाहून आठवलं.

ह्यांचं तर विचारू नकोस. ‘पोरांच्या वयाला असलं चालतंच’ म्हणून पेपरात तोंड घालतात. पण दुकानातून येताना गोळ्या तीन आणतात. विचारलं तर म्हणतात, दुकानदाराकडे सुटे नव्हते. रोज नसतात त्याच्याकडे सुटे.

खोटं कशाला बोलू, मला त्रास काहीच नव्हता. उलट आयतं माणूस मिळालं होतं. मोक्षित दुपारी झोपेला आला की घर डोक्यावर घेतो, झोळी हलवून हलवून माझे खांदे निखळतात. एके दुपारी तशीच झोळीपाशी बसल्या बसल्या माझा डोळा लागला. जाग आली तर हात मांडीवर, आणि झोळी हलतेय. वारा नाही, खिडकी बंद. चांगले लांब झोके, लहान मूल पायाने रेटा देतं तसे, थोडे वेडेवाकडे. धृती माझ्या शेजारीच पालथी झोपलेली. माझ्या अंगावर काटा आला, नाही कशाला म्हणू? मग म्हटलं, जलजे, देणाऱ्याचं तोंड बघू नये. ‘हळू गं, पोर पडेल,’ असं सहज तोंडातून गेलं, आणि झोके हळू झाले. त्यानंतर रोज दुपारी मी आपली खुशाल पापड लाटायला मोकळी. पण एक दिवस अक्षता ऑफिसातून लवकर आली. मी आणि हे दोघेही मागच्या दारी, धृती आमच्या पायांत, आणि आतल्या अंधाऱ्या खोलीत झोळी आपली डावी-उजवीकडे हलतेय. तिची किंकाळी अजून माझ्या कानात आहे. मोक्षित मात्र उठला नाही, हे नोंदवून ठेव.

तरी तेवढ्यावर निभावलं असतं. पण मग चावण्याचं झालं. धृती दंड धरून रडत आली, म्हणाली, ‘ती पाळी देत नाही, मी ढकललं तर चावली.’ अक्षताने आधी मोक्षितला दोन धपाटे दिले. मग दंड बघितला. अक्का, मोक्षितला सगळे मिळून सहा दात. दंडावर वर-खाली पुरती ओळ होती, आणि वरच्या ओळीत मधोमध एक फट. नयना पायरीवर पडली होती, तेव्हा तिचा वरचा पुढचा दात गेला होता. तुला आठवेल, तूच तो दात कौलांवर फेकला होतास. अक्षताला हे ठाऊक नव्हतं. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली आणि मी कोपऱ्याकडे बघून ओरडले, ‘नयना! चावायचं नाही! किती वेळा सांगायचं?’ मला तेव्हा भीती वाटायला हवी होती. मला आनंद झाला गं. ज्या पोरीचं नाव घ्यायला तीस वर्षं कोणी धजलं नाही, तिला मी रागावले, आणि कोपऱ्यात कोणीतरी नाक ओढलं. मला ते ऐकू आलं. अक्षतालाही आलं, कारण तिने दोन्ही पोरं उचलली आणि माहेरी जायला निघाली.

तिचं काय चुकलं? ती आई आहे. आज चावली, उद्या आणखी काही. मीच तिला थांबवलं आणि दोघी मिळून प्रश्न बघणाऱ्यांकडे गेलो. त्यांनी कवड्या मांडल्या आणि सांगितलं, घरात लग्नाची मुलगी बसून आहे, चौतिशीची घोडी, ती लेकरांशी खेळेल नाहीतर काय करेल? आटी संपायच्या आत उजवा, नाहीतर पोरांना सोडणार नाही. अक्षताने तिथेच माझा हात धरून वचन घेतलं. मी दिलं. म्हणून तुला स्थळ बघायला सांगितलं, आणि तू लगेच आणलंस. तुझे उपकारच आहेत.

परवा त्या तयारीलाच बसले. पाऊस असा की दिवसा दिवे लावले होते. हिरवी रेशमी साडी खुर्चीवर नेसवून बघितली, निऱ्या घातल्या, पदर काढला. दोन्ही पोरं समोर मांडी घालून. धृती बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, ‘अज्जी, ती दिसतच नाहीये.’ म्हटलं, ती आपल्याला दिसत नसतेच. तर म्हणते, ‘मला दिसते. आत्ता नाही दिसत. साडीच्या आत हरवली. ती रडतेय, तिला पायच सापडत नाहीत.’ मी हसले बघ. हसतेय तोवर मोक्षित उठून डुगडुगत गेला आणि दोन्ही मुठींनी साडीचा काठ वर उचलून धरला, आपण चिखलातून जाणाऱ्या पोराचा झगा धरतो तसा. मी उगाचच खुर्चीच्या हातावर चुडा ठेवला, माझ्या मापाच्या डझनभर बांगड्या. त्या एकेक करून खाली पडल्या. पडून थांबल्या नाहीत, घरंगळत माच्याखाली गेल्या, आणि मोक्षित खदाखदा हसत त्यांच्या मागे. बांगड्या हातात राहीनात म्हणून ती चिडली, असं धृतीने सांगितलं. मग तिला विचारू नये ते मी विचारलं. ‘केवढी आहे गं ती?’ धृती उभी राहिली, स्वतःच्या डोक्यावर हात ठेवला, आणि हात जरासा खाली आणला.

अक्का, ती वाढलीच नाही. प्रश्न बघणाऱ्यांच्या कवड्या काही म्हणोत, आपली रीत काही म्हणो. माझी पोर तेवढीच आहे.

असो. दिला शब्द मोडता येत नाही, आणि घरातली जिती पोरं आधी. लग्न झालं की दरवर्षी आटीत आतल्या खोलीत दार लोटून आपण तिचं पान वाढतो, ते यापुढे किन्निगोळीला वाढलं जाईल. जगाची रीतच आहे, मुली जातात. तू आणि मी नाही का गेलो. तेव्हा दूमप्पण्णांना होकार कळव, येत्या रविवारी या म्हणावं. कोंबडी आणि रोट्या माझ्याकडे, मासे ते आणतील. भावोजींना जप. मुलांना पापे.

तुझी धाकटी,
जलजा

ता.क. ब्लाउजचं लिहायचं राहिलं. आणू नका म्हणावं. कुठल्याही मापाचा नको.

ता.क. पुन्हा. पाकीट चिकटवलं होतं, ते फोडलं. होकार कळवू नकोस. दूमप्पण्णांच्या बायकोला बाजूला घेऊन एवढंच विचार, की बाई, तुमचा मुलगा तुम्हाला आता केवढा वाटतो? अडतीस वर्षांचा वाटत असेल तर मुलगी लहान आहे म्हणून सांग, सरकारचा कायदाही आहे. आणि आठच वर्षांचा वाटत असेल, तर रविवारी त्याला घेऊन खेळायला या म्हणावं. खुर्च्या मांडत नाही. पानं मांडते.

ता.क. शेवटचं. अक्षताला हे कसं सांगायचं ह्या काळजीत मी दोन दिवस जेवले नाही. आज ती घरी आली आणि माझ्यासमोर पुडी टाकली. हिरव्या साडीचा ब्लाउजपीस कधी कापून नेला मला पत्ता नाही. त्याचा फ्रॉक शिवून आणलाय, फुग्याच्या बाह्या, मागे बंद. म्हणाली, ‘धृती ऐकेचना, मग काय करू?’ आणि तोंड फिरवून न्हाणीघरात गेली ती बराच वेळ आली नाही. बाकीचं मला धृतीने सांगितलं. शिंप्याने माप धृतीचंच घेतलं, आणि नेहमीसारखं विचारलं, ताई, वाढत्या अंगाचा शिवू ना? अम्मा म्हणाली, नको, मापाचाच शिवा. एक बोट कमीच.