सोंगाचे केस

वडीगोद्री, ८ सप्टें. १९९४
भावजी शहागडहून हात हलवत परत आले. सोंगाचं सामान भाड्यानं देणाऱ्यानं यंदा ते दुसऱ्याच गावाला देऊन टाकलं. अष्टमीला भवानीचं सोंग आमच्या घरातून निघतं. देवीला केस नाहीत, तलवार नाही, झोळी नाही. आधी मामा, माझे सासरे, देवी होऊन नाचायचे, आता हे धाकटे भावजी.
भाकरी थापता थापता मी बोलून गेले, "मी करते की."
मामा म्हणाले, "ब्लाउज शिवण्याइतकं सोपं हाय का ते? सुनेनं सोंगात हात घातलेला ह्या घरात कधी बघितला न्हाई."
आता बघतील. भाड्याचे नायलॉनचे केस मी पाहिलेत, मागून टक्कल दिसतं. त्याहून वाईट तर होणार नाही.

१५ सप्टें.
अंबाडीच्या सालीचा वाख विंचरून काळा रंगवला. दुकानातल्या शेठजींनी रंगाची पुडी दिली, "भाभी, देवीचे बाल हाय, पक्का रंग न्या." पक्काच आहे, हात कोपरापर्यंत काळे. बटा ताठ राहाव्यात म्हणून गव्हाच्या पिठाची खळ लावली, कुंपणावर वाळत घातल्या.

१७ सप्टें.
शेळीनं केस खाल्ले. अर्धे. खळीचा वास लागला असणार. हे हसत सुटले, मी रडले.
आत्याबाई म्हणाल्या, "सासूच्या लुगड्याला खळ लावत न्हाईस, देवीच्या केसाला लावतीस!"

२६ सप्टें.
पुन्हा पहिल्यापासून. ह्या वेळी बाभळीचा डिंक, कडुलिंबाच्या काढ्यात कालवून. आता खा म्हणावं.
मामांच्या जुन्या टोपीवर बटा ओळीनं शिवल्या. मशीनची सुई मोडली, मग दाभण घेतला. तलवार पांगाऱ्याच्या लाकडाची, वजनाला हलकी. ह्यांनी तासून दिली, तेवढंच. वरचा तेलाच्या डब्याचा पत्रा मी ठोकला. झोळीला कवड्या हव्या होत्या. आत्याबाईंनी बैलाची पोळ्याची माळ स्वतःहून उसवून दिली.

६ ऑक्टो.
लिहू की नको...
दुपारी घरात कुणी नव्हतं. भावजींचं डोकं माझ्याएवढंच, म्हणून केस बसतात का बघायला मीच घातले. झोळी खांद्याला, तलवार हातात. आरशात पाहिलं आणि अंगावर काटा आला. इतकं देखणं मी केलंय?
वळले तर दारात आत्याबाई.
केस चढले की ती देवी, घरच्या थोरांनीही पाया पडायचं. आरती झाल्याशिवाय उतरवायचे नाहीत, तोवर बोलायचं नाही. पण हा नियम पुरुषांचा, बायकांनी सोंग कधी घेतलंच नाही. वाटलं, आता खैर नाही. त्यांनी डोक्यावरून पदर घेतला आणि माझ्या पाया पडल्या. माझी सासू!
मग कापूर पेटवून ओवाळलं, केस स्वतः उतरवले. "कोणाला सांगू नको," एवढंच म्हणाल्या.

१२ ऑक्टो., अष्टमी
दिवेलागणीला सोंग निघालं. भावजी घुमले, एक बट निसटली नाही. तलवार अशी चमकली की पोरं मागं सरकली. जो तो विचारी, कुठून आणलं? मामा छाती काढून सांगत होते, "घरी केलं. आमच्या सुनेनं." मग नियमाप्रमाणे भावजींच्या पाया पडले. पडले ते माझ्या हातच्या केसांच्या पाया, असं मी धरून चालले.
भावजी मध्येच ताल चुकले. मी चुकले नसते. मला नाचायचंय. इथं लिहून टाकते, बोलणार कुणाला?

१६ ऑक्टो.
केस पत्र्याच्या पेटीत, कडुलिंबाच्या पाल्यात ठेवले.
भावजींना पुण्यात काम लागलं. पुढच्या अष्टमीला येणं होईलसं दिसत नाही. जेवताना मामा ह्यांच्याकडं बोट करून म्हणाले, "ह्याचं डोकं तर मोठं. मंग केस बसतील कोणाला?"
आत्याबाई शांतपणे म्हणाल्या, "एकीला बराबर बसतात. म्या बघितलंय."
मामांनी माझ्याकडं पाहिलं. मी परातीत बघत होते.
"मंग मला सुनेच्या पाया पडावं लागंल."
"म्या पडले. काई झिजले न्हाई."
मामा किती तरी वेळ वरणात भाकरी कुस्करत राहिले. हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. मग ताट पुढं केलं, "वाढ अजून एक."
वाढली. मग आत जाऊन पेटीची कडी नीट लागलीय का ते बघितलं.